खिशातली बेडकाची अंडी

समुद्रातल्या एका खडकावर पडकी झोपडी. बाहेर वादळ, मध्यरात्र उलटून गेलेली, आणि दार उखडून आत आलेला एक धिप्पाड पाहुणा. अकरा वर्षांच्या हॅरी पॉटरला नुकतंच कळलंय की तो जादूगार आहे, आणि त्याचे आईवडीलही जादूगारच होते. तेवढ्यात इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेली त्याची पेट्युनिया मावशी एकदम फुटते. तुझ्या आईला, लिलीलाही, जादूच्या शाळेचं असंच पत्र आलं होतं, म्हणते. ती त्या शाळेत गेली. दर सुट्टीत घरी यायची ती खिसे भरून बेडकाची अंडी घेऊन, आणि घरात चहाच्या कपांचे उंदीर करत बसायची. ती कशी आहे ते मला एकटीला दिसत होतं. आईबाबांच्या तोंडी मात्र उठता-बसता लिली, घरात एक चेटकीण जन्मली म्हणून अभिमान! मग तिला तो पॉटर भेटला, लग्न झालं, तू झालास, आणि मग ती स्फोटात गेली आणि तू आमच्या गळ्यात पडलास.

हॅरी पांढराफटक पडतो. आवाज फुटल्यावर विचारतो, स्फोट? तुम्ही तर सांगितलं होतं की गाडीचा अपघात झाला!

विचारणारच. त्या जागी कुणीही तेच विचारलं असतं. तो धिप्पाड पाहुणा, हॅग्रिड, संतापतो, खरी हकीकत बाहेर येते, व्होल्डेमॉर्टचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं आणि गोष्ट जी धावत सुटते ती सात पुस्तकं थांबत नाही. पहिली तीन-चार वाचनं मीही तिच्यामागे धावले. पाचव्यांदा वाचताना त्या बेडकाच्या अंड्यांपाशी अडले. मावशीने रागाच्या भरात, तिच्याही नकळत, त्या पोराला केवढं काही देऊन टाकलंय! त्याची आई कधीतरी लहान मुलगी होती. तिच्या कपड्यांना खिसे होते. तिला तळ्याकाठी जायला आवडत असणार. त्याला आजी-आजोबा होते, त्यांचं एक घर होतं, म्हणजे हॅरीला चक्क आजोळ होतं. ते आजी-आजोबा कुठे गेले? कधी गेले? नातवाला त्यांनी पाहिलं होतं का?

हॅरी यातलं काहीही विचारत नाही. त्या रात्री नाही, आणि पुढच्या सात वर्षांत कधीच नाही.

याचा मला आधी राग यायचा. हा मुलगा तसा कमालीचा चौकस आहे. निकोलस फ्लामेल कोण हे शोधायला दोन मित्रांना घेऊन आठवडेच्या आठवडे ग्रंथालयातली पुस्तकं उलथीपालथी करतो. भिंतीतून येणारा आवाज, बंद दार, दुसऱ्याची जुनी डायरी, यातलं काहीही त्याच्या तावडीतून सुटत नाही. मग स्वतःच्या आईबद्दलच याची जीभ का उचलत नाही? माझ्या एका मैत्रिणीने यावर सरळ उत्तर दिलं होतं. ती म्हणाली, त्याने विचारलं असतं तर गोष्टच संपली असती. पहिल्याच भागात त्याने मावशीला आईच्या लहानपणाबद्दल खोदून विचारलं असतं, तर शेजारच्या वस्तीतल्या, पुढे हॅरीचा शिक्षक झालेल्या सेव्हेरस स्नेप नावाच्या मुलाचा पत्ता लागला असता आणि सातव्या भागासाठी राखून ठेवलेलं रहस्य तिथेच फुटलं असतं. लेखिकेला हे परवडणारं नव्हतं.

बरोबर आहे तिचं. पण त्याने माझं समाधान झालं नाही, कारण मी त्या मुलाला ओळखते.

माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. बाबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मी मावशीकडे वाढले. आपल्याकडे म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो, तशी मावशी मला मिळाली. पेट्युनियाशी तिची तुलना करायचं मनातसुद्धा येत नाही. मला जिन्याखालच्या कपाटात कुणी झोपवलं नाही, कधी उष्टं-जुनं दिलं नाही. आईबद्दल विचारू नकोस, असंही कुणी कधी म्हटलं नाही. तरीसुद्धा मी विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं. सात वर्षांची असेन. मावशी माझी वेणी घालत होती. मी आरशाशिवाय बसले होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी विचारलं, "मावशी, आईचे केस पण असेच होते का गं?" तिचे हात थांबले. तीन पेडांतला एक पेड तिच्या बोटांतून सुटला, तो मला मानेवर जाणवला. मग ती "आले हं" म्हणून आत गेली आणि आत नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली, वेणी पुरी केली, रिबिनीचं फूल नेहमीपेक्षा जास्त नीट बांधलं. एक शब्द बोलली नाही.

त्या नळाच्या आवाजातून मी काय शिकले ते सांगायला नको. मुलं असे नियम स्वतःचे स्वतः करतात आणि मोठ्यांनी केलेल्या नियमांपेक्षा जास्त कडक पाळतात.

हॅरीच्या घरी तर नियम उघड बोलून दाखवलेला होता. प्रश्न विचारायचे नाहीत. डर्स्ली कुटुंबात सुखाने राहायचं तर ही पहिली अट. कपाळावरचा व्रण कुठून आला, हा हॅरीला आठवणारा त्याचा पहिला प्रश्न. तुझे आईवडील गेले त्या अपघातात, आणि प्रश्न विचारू नकोस, हे त्याला मिळालेलं उत्तर. त्या एका उत्तरात एक खोटं आहे आणि एक बंदी आहे, आणि मला वाटतं खोट्यापेक्षा बंदीने जास्त नुकसान केलं. खोटं अकराव्या वाढदिवशी हॅग्रिडने एका फटक्यात उडवून लावलं. बंदी मात्र हॅरीबरोबर ट्रंकेत बसून त्या जादूच्या शाळेत, हॉगवर्ट्‌सला गेली. घरात त्याच्या आईवडिलांचा एकही फोटो नव्हता. ज्याने आईचा चेहराच पाहिला नाही, त्याला "ती कशी दिसायची" हा प्रश्न तरी नीट सुचेल का? प्रश्न पडायलाही हातात एखादा धागा लागतो.

म्हणून मला एरिसेडच्या आरशाचं प्रकरण वाचताना अजून गलबलून येतं. ज्याला जे मनापासून हवं ते दाखवणारा आरसा, आणि त्यात या मुलाला दिसते ती माणसांची गर्दी. हिरव्या डोळ्यांची बाई, रडता रडता हसणारी. चष्मा लावलेला, मागे केस उभे राहिलेला माणूस. त्यांच्यामागे आणखी कितीतरी जण, कुणाचे डोळे त्याच्यासारखे, कुणाचं नाक. एका म्हाताऱ्या आजोबांचे गुडघेसुद्धा हॅरीसारखेच हाडकुळे. गुडघे! तो तीन रात्री तिथे जातो. पण मुख्याध्यापक डम्बलडोर समोर येऊन बसतात तेव्हा तो हे विचारत नाही की ते गुडघेवाले आजोबा कोण होते. त्यांचं बोलणं होतं ते आरशाबद्दलच. आरसा हलवला जातो, आणि हॅरीच्या वंशातली ती सगळी बिननावाची माणसंही त्याच्याबरोबर निघून जातात.

त्याच भागाच्या शेवटी हॅग्रिड त्याला फोटोंचा अल्बम देतो. तुझ्याकडे एकही फोटो नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तुझ्या आईबाबांच्या शाळेतल्या जुन्या मित्रमैत्रिणींना घुबडं पाठवून मागवले, असं सांगतो. हॅरीच्या तोंडून शब्द फुटत नाही. मलाही तिथे बोलता आलं नसतं. पण त्या वाक्यात एक अख्खी वस्ती दडलेली आहे. जुने मित्रमैत्रिणी, म्हणजे जिवंत माणसं. कुणीतरी आपल्या घरातलं कपाट उघडलं असेल, लिलीचा फोटो बाजूला काढला असेल, क्षणभर हातात धरून बसलं असेल, मग पाकिटात घातला असेल. ती कोण? त्या प्रत्येकाकडे निदान एक तरी आठवण असणार. हॅरी त्यांची नावं विचारत नाही. हेडविग नावाचं घुबड त्याच्या खोलीत बसलेलं आहे, पण ते त्या पत्त्यांवर कधी उडत नाही.

आणि मला कळतं का नाही ते. एवढं मिळालंय, आता आणखी मागितलं तर असलेलंही जाईल, ही भीती ज्या मुलांनी बाळगली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या भागात ल्युपिन येतो. वर्षभर शिकवतो. डिमेंटर, म्हणजे माणसातला सगळा आनंद शोषून घेणारा भयानक जीव, जवळ आला की हॅरीला आईची शेवटची किंकाळी ऐकू येते, आणि त्याला परतवण्याचा सराव करता करता एके दिवशी वडिलांचाही आवाज येतो, आयुष्यात पहिल्यांदा. तो हे ल्युपिनला सांगतो. ल्युपिनचा आवाज विचित्र होतो. तू जेम्सला ऐकलंस? आणि हॅरी विचारतो, तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत होता का? ओळखत होतो, आम्ही शाळेत मित्र होतो, असं म्हणून ल्युपिन लगेच सुचवतो की आज इथेच थांबू या. पुन्हा तेच बघा. मुलाने कसाबसा एक प्रश्न बाहेर काढला आणि मोठ्या माणसाने विषय मिटवला. ल्युपिन वाईट नाही, त्याची स्वतःची जखम ओली आहे. माझ्या मावशीने नळ सोडला, ल्युपिनने सराव आवरता घेऊ या म्हटलं. पुढे हॅरी धीर करून विचारतो, पण काय, तर वडिलांना ओळखत होता म्हणजे सिरियस ब्लॅकलाही ओळखत असाल. वडिलांकडे जाणारा प्रश्न वाट बदलून खुन्याकडे वळतो. खुन्याबद्दल विचारणं सोपं असतं.

हा खुनी समजला गेलेला सिरियस खरा निर्दोष निघतो, जेम्सचा जिवलग मित्र आणि हॅरीचा धर्मपिता. त्याच्या बाबतीत तर मला पान उलटवत नाही.

पाचव्या भागात सिरियस त्याला आपल्या घराण्याची वंशावळ दाखवतो, भिंतभर पसरलेला जुनापुराणा पडदा, त्यावर पिढ्यान् पिढ्या सोनेरी धाग्याने भरलेल्या. सिरियसचं नाव जिथे असायचं तिथे जळल्याचं भोक. सोळाव्या वर्षी मी घरातून पळालो, तो सांगतो. कुठे गेलास, हॅरी विचारतो. तुझ्या बाबांकडे, तुझे आजी-आजोबा फार चांगले वागले, मला दुसरा मुलगाच मानला त्यांनी. आजी-आजोबा! बाबांचे आईवडील! त्यांचा हात पाठीवरून फिरलेला एक जिवंत माणूस समोर उभा आहे. त्यांच्या घरात राहिला आहे, त्यांच्याबरोबर जेवला आहे. आणि हॅरी विचारतो की तू घर का सोडलंस.

तो चुकला असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं दुःख दिसलं म्हणून त्याने ते आधी विचारलं, हा त्याचा स्वभाव आहे आणि त्यासाठीच तो मला प्रिय आहे. पण वाचताना माझा जीव त्या आजी-आजोबांत अडकून राहतो. त्यांची नावं पुस्तकांत येतच नाहीत. ती वाचकांना 2015 मध्ये लेखिकेच्या संकेतस्थळावर कळली. फ्लीमाँट आणि युफेमिया. आजोबांनी केस चापूनचोपून बसवणारं एक औषध शोधून काढलं होतं आणि घराण्याची संपत्ती चौपट केली होती. म्हणजे ग्रिंगॉट्‌स बँकेच्या तळघरात हॅरीने पहिल्यांदा पाहिलेल्या सोन्याच्या राशींत आजोबांच्या कष्टांचा मोठा वाटा होता, आणि तेही केसांच्या औषधाचा. नातवाचे केस जन्मभर उभेच. ही गोष्ट आजोबांच्या मांडीवर बसून ऐकायची होती. मला ती ठाऊक आहे, आणि हॅरीने ती कुणाला विचारल्याचं एकाही पानावर नाही.

त्याच भागात ख्रिसमसची सुट्टी संपताना सिरियस त्याच्या हातात एक लहानसं पुडकं ठेवतो. माझी गरज लागली तर हे वापर. हॅरी मनाशी ठरवतो की वापरायचं नाही, आपल्यामुळे सिरियस संकटात यायला नको. पुडकं ट्रंकेत जातं. तो ते उघडूनही बघत नाही. सिरियस मेल्यावर, सामान आवरताना, ट्रंकेच्या तळाशी ते त्याच्या हाताला लागतं. आत एक छोटा आरसा आणि मागे सिरियसच्या अक्षरातली चिठ्ठी. हा जोडीतला एक आहे, दुसरा माझ्याकडे आहे, नाव घेतलंस की मी दिसेन. तुझे बाबा आणि मी वेगवेगळ्या खोल्यांत शिक्षा भोगत असायचो तेव्हा यावरूनच बोलायचो.

हॅरी आरशात तोंड घालून सिरियसला हाका मारतो. पुन्हा पुन्हा. मग आरसा ट्रंकेत भिरकावून देतो आणि तो फुटतो.

कित्येक महिने तो आरसा त्याच्या मोज्यांखाली पडून होता. रोज रात्री पांघरुणात शिरून "बाबा कसा होता रे" असं विचारता आलं असतं. न विचारलेले प्रश्न साधारण असेच पडून असतात, कागदात गुंडाळलेले, आपल्याच सामानात, आपल्याच प्रेमापोटी न उघडलेले. समोरच्याला त्रास नको म्हणून.

एकदा मात्र तो विचारतो. स्नेपच्या आठवणीत त्याला पंधरा वर्षांचे वडील दिसतात, एका मुलाला उलटं टांगून सगळ्यांसमोर त्याचे हाल करणारे, आणि त्यांना तोडून बोलणारी आई. त्यानंतर त्याला चैन पडत नाही. जुळे वीज्ली तिकडे गोंधळ घालून सगळ्यांना गुंतवून ठेवतात आणि हा तेव्हाची जुलमी मुख्याध्यापिका अम्ब्रिज हिच्या खोलीत शिरून, दूरच्या माणसांशी जादूने बोलायला, तिच्या शेकोटीत डोकं खुपसतो. पकडला गेला तर शाळेतून हकालपट्टी. कशासाठी? तर सिरियस आणि ल्युपिनला हे विचारायला की आईने त्यांच्याशी लग्न केलंच कसं, तिला तर ते आवडतही नव्हते. ते दोघं समजावतात. पंधराव्या वर्षी सगळेच मूर्ख असतात, जेम्स नंतर सुधारला, सातव्या वर्षी ती दोघं एकत्र फिरायला लागली. गुडघे दगडी जमिनीवर, डोकं लंडनच्या एका स्वयंपाकघरात आणि प्रश्न असा की उत्तर नको ते आलं तर आतलं सगळंच ढासळेल. गेलेल्या माणसांबद्दल विचारताना सगळ्यात मोठी धास्ती हीच असते. फोटोतली माणसं चांगलीच असतात. विचारलं की ती माणसं होतात.

मावशीला विचारण्याची संधीही त्याच वर्षी येऊन गेली होती. उन्हाळ्यात हॅरीवर आणि त्याचा मावसभाऊ डडलीवर डिमेंटर हल्ला करतात, आणि मावशीच्या नवऱ्याने, व्हर्ननने, ते कोण म्हणून विचारल्यावर पेट्युनियाच सांगून मोकळी होते की ते अझ्काबानच्या तुरुंगावर पहारा देतात. सगळे थक्क. तिला कसं माहीत? तो भयंकर मुलगा तिला सांगत होता तेव्हा ऐकलं, फार वर्षांपूर्वी, ती म्हणते. हॅरी उसळून म्हणतो, माझ्या आईबाबांबद्दल बोलत असशील तर त्यांची नावं का घेत नाहीस? त्याने गृहीत धरलं की तो मुलगा म्हणजे जेम्स. तो होता स्नेप. "कुठला मुलगा?" एवढे दोन शब्द. त्याच संध्याकाळी हॅरीला आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जाणवतं की ही बाई आपल्या आईची सख्खी बहीण आहे. जाणवतं, पण तोंडातून बाहेर पडत नाही. रागात विचारलेल्या प्रश्नाला प्रश्नचिन्ह असतं, पण त्याला उत्तर नको असतं.

आणि दोन वर्षांनी ती घर सोडून कायमची निघते. दारात थांबते, वळून त्याच्याकडे बघते. ओठांवर काहीतरी आलेलं असतं. मग मानेला एक हिसका देऊन निघून जाते. ते काय होतं, हे पुस्तक सांगत नाही.

सातव्या भागात डम्बलडोर गेल्यावर हॅरीला उमगतं की या माणसाला आपण त्याच्याबद्दल कधी काही विचारलंच नाही. एकच खाजगी प्रश्न विचारला होता, अकराव्या वर्षी: तुम्हाला या आरशात काय दिसतं? लोकरीचे जाड मोजे, ते म्हणाले होते. त्यांनी खरं न सांगितलेली ती एकच गोष्ट असावी, असं त्याला आता वाटतं. मी इथे पुस्तक मिटून खूप वेळ बसले होते. त्या म्हाताऱ्यालाही आरशात मेलेलं कुटुंबच दिसत होतं. दोघं शेजारी शेजारी, एकाच आरशासमोर, एकाच दुःखाने, आणि मध्ये मोजे.

मग सिरियसच्या खोलीत हॅरीला आईचं पत्र सापडतं. हॅरीच्या पहिल्या वाढदिवसानंतर तिने सिरियसला लिहिलेलं, त्याने पाठवलेल्या खेळण्यातल्या झाडूबद्दल आभार मानणारं. बाळ त्यावर बसून घरभर उडतं, मांजर थोडक्यात वाचली, आणि पेट्युनियाने ख्रिसमसला पाठवलेली भयाण फुलदाणी त्याने फोडून टाकली. एवढंसं वाक्य. पण पेट्युनियाने फुलदाणी पाठवली होती! कशीही असो, दुकानात जाऊन निवडली होती, कागदात बांधली होती, बहिणीचा पत्ता लिहिला होता. दोघींमध्ये काहीतरी अजून शिल्लक होतं. पत्राचं दुसरं पान गायब आहे. हॅरी जमिनीवर शोधत राहतो. आणि मग तो जे करतो ते वाचून मी रडले. त्याला दिसतं की आई इंग्रजी "जी" हे अक्षर अगदी त्याच्यासारखंच काढायची, आणि तो पत्रातलं ते प्रत्येक अक्षर शोधून काढतो.

बाबांनी मला आईची एक वही दिली होती, मी पंचविशीत असताना. हिशेब, पत्ते, मध्येच एखादी आठवण करून ठेवायची गोष्ट. आई "ळ" काढताना दोन्ही गोल एकमेकांना टेकवत नाही, मध्ये फट ठेवते. मीही तसाच काढते. शाळेत बाईंनी तो कितीदा दुरुस्त करायला लावला होता. मला हा "ळ" कुणी शिकवला नव्हता, आणि शिकवायला ती नव्हती. त्या रात्री मी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "ळ" शोधत वाचली. सगळे, वेळ, मिळाले, उद्या सकाळी. प्रत्येकात ती फट.

गॉड्रिक्स हॉलो या आईवडिलांच्या गावी हॅरी त्यांच्या थडग्यांपाशी पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा सतरा वर्षांचा आहे. दगडावर तारखा आहेत. जेम्स, 27 मार्च 1960. लिली, 30 जानेवारी 1960. दोघं 31 ऑक्टोबर 1981 ला गेले. एकवीस वर्षांची माणसं. समोर उभ्या असलेल्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी. वाहायला त्याने काहीही आणलेलं नाही, हर्मायनी जादूने फुलांचं एक चक्र करून देते. आणि शेवटी जंगलात, मरायला निघालेला असताना, मेलेल्यांना परत बोलावणाऱ्या एका जादूच्या खड्याने आई, वडील, सिरियस, ल्युपिन चौघंही त्याच्याभोवती येतात. सात पुस्तकं ज्याची वाट बघितली ती भेट. आता तरी तो विचारेल, असं मला प्रत्येक वाचनात वाटतं, माहीत असूनही. तो विचारतो, दुखतं का? आणि, माझ्याबरोबर राहाल ना?

आईबापांना विचारायचे पहिले दोन प्रश्न हेच असतात. तापात, अंधारात, दवाखान्यात. हॅरीचे ते दोनच राहून गेले होते. बाकीच्यांची पाळी त्यानंतर यायची.

हे सगळं पुन्हा पुन्हा वाचून माझा राग आता त्या मुलावर उरलेला नाही. तो सरकत सरकत मोठ्यांकडे गेला आहे. ल्युपिन, सिरियस, डम्बलडोर, मॅकगोनगल, फोटो पाठवणारे ते सगळे जण. ज्यांच्या खिशात लिली आणि जेम्स होते, त्यांतल्या कितीजणांनी त्या पोराला जवळ बसवून आपण होऊन सांगितलं, की ये, तुझ्या आईची एक गंमत सांगतो? हॅग्रिडने केलं, त्याला जमलं तेवढं. स्लगहॉर्न बोलला, तोही स्वतःच्या आवडत्या विद्यार्थिनीचं कौतुक म्हणून. बाकीचे थांबले, त्याने विचारावं म्हणून. ज्या मुलाला विचारायची बंदी होती त्याच्या विचारण्याची वाट बघणं हा फार मोठा अन्याय आहे. सांगायला सुरुवात करायची ती ज्याच्याकडे आहे त्याने. आमच्याकडेही मी तिशी ओलांडल्यावर मावशी एकदा म्हणाली होती, "तू कधी विचारलंच नाहीस गं. मला वाटलं, तुला आठवण नको असेल." आणि मला वाटत होतं, तिला नको आहे. पंचवीस वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना जपलं.

त्यानंतरही लगेच काही झालं नाही. सवय मोडायला वेळ लागतो. मोठे प्रश्न मला अजूनही विचारता येत नाहीत. शेवटच्या दिवसांत ती काय म्हणाली, तिला कळलं होतं का, हे प्रश्न घशाशी आले की मी दुसरंच काहीतरी बोलते. मग मला बेडकाची अंडी आठवली. एवढासा प्रश्न तर विचारता येईल, ज्याचं उत्तर रडवणारं नसेल. परवा मावशी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसून उशीचे अभ्रे तिच्या हातात देत होते. मी विचारलं, "मावशी, लहानपणी आईच्या खिशात काय असायचं?"

माझं लक्ष तिच्या हातांकडे होतं. ते चालत राहिले.

"खडू," ती म्हणाली. "शाळेतले खडूचे तुकडे. बाई टाकून द्यायच्या ते गोळा करून आणायची. खिसे नुसते पांढरे. आणि धुवायला कपडे कुणाकडे, तर माझ्याकडे, मोठी ना मी. किती ओरडायचे मी तिच्यावर! एकदा तर निळा खडू राहिला खिशात आणि बाबांचा पांढरा सदरा..." ती हसायला लागली. हातातला अभ्रा मांडीवर पडला. "थांब, तो सदरा घालून ते कुठे गेले ते ऐक आधी."